गाडी जुनी, डॅशबोर्ड नवा? जरा दमानं घ्या!

घरात जुनी गाडी उभी आहे, सुट्टी लागलीय आणि हातात स्प्रेचा कॅन आहे? मग तो कॅन हलवण्याआधी हे वाचा. आम्ही केलेली चूक तुम्ही करू नका.

दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकातल्या गर्दीत टाचा उंचावून उभा राहिला नाही, असा कोल्हापूरकर विरळाच. सीमोल्लंघनाला छत्रपती घराण्याची मेबॅक आली की सगळे मोबाइल एकदम वर जातात. राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन गाडी. मेबॅक कंपनी मुळात झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवणारी. दुसऱ्या महायुद्धाआधी तिनं सगळ्या मिळून साधारण १८०० गाड्या बनवल्या. त्यातली एक आपल्या गावात अजून रस्त्यावर येते, ही काय साधी गोष्ट आहे?

पण तुमच्याकडचा व्हिडिओ पुन्हा लावून बघा. त्यात काय दिसतं? बाहेरचा रंग, बॉनेट, दिवे. गाडीच्या आतलं कुणीच शूट करत नाही. खरं तर माणसाचा हात लागतो तो आतच. स्टिअरिंग, दाराचं हँडल, सीटची कड, डॅशबोर्ड... गाडी जगली कशी हे आत बसल्यावर कळतं.

आता आपल्या घरी काही मेबॅक नाही. आपल्याकडं असते ती पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झोपलेली पद्मिनी, नाहीतर मारुती ८००. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. पद्मिनी तिच्याही आधीची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. मूळची इटालियन फियाट ११००. पुढं नाव पद्मिनी झालं, पण घराघरात ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस कायमची बाहेर पडली, तेव्हा तुमच्यातल्या कित्येकांनी स्टेटसही ठेवलं असेल.

आमच्या घरात आबांची, म्हणजे आजोबांची, १९८४ सालची पद्मिनी आहे. गेली काही वर्षं ती नुसती उभी होती. भंगारवाला येऊन भाव करून गेला. बाबा म्हणाले, ‘दिवाळीपर्यंत बसण्यासारखी झाली तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू.’ इंजिन मिस्त्रींनी करून दिलं. आतलं काम माझ्यावर आणि माझ्या चुलतभावावर आलं. दोघांचंही वय विशीच्या आतबाहेर, अनुभव शून्य आणि आत्मविश्वास मात्र विषय हार्ड!

जुलैमधली हुशारी

डॅशबोर्ड पत्र्याचा. उन्हानं पिवळट-राखाडी झालेला, मधेमधे टवके गेलेले. आम्ही ओल्या फडक्यानं पुसला, वर्तमानपत्रं चिकटवली आणि काळ्या मॅट रंगाचा स्प्रे मारला. बाहेर धो धो पाऊस. पहिली पाच मिनिटं काम नाद खुळा दिसत होतं. रीलसुद्धा काढली. मग रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खळगे उमटायला लागले. सकाळी बघतो तर काळ्यावर पांढरट धुरकट साय धरलेली.

उद्यमनगरातल्या एका पेंटर काकांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘‘पावसात मारलाईस व्हय? मग पांढरं पडणारच की. आणि ह्याच्यावर आधी चमकायचं पॉलिश मारत होता न्हवं?’’

दोन्ही बरोबर. बाबा कित्येक वर्षं डॅशबोर्डला चकाकीचं पॉलिश लावायचे. त्यातलं सिलिकॉन पृष्ठभागावर बसून राहतं. नुसत्या पाण्यानं ते जात नाही आणि त्याच्यावर रंग पसरत नाही, तो मागं सरकतो. तेच ते खळगे. आणि पांढरेपणाचं कारण हवेतली आर्द्रता. स्प्रेमधला थिनर झपाट्यानं उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं. थंड पाण्याच्या बाटलीला बाहेरून घाम येतो ना, अगदी तसंच. कोल्हापूरच्या जुलैत ही हवा चोवीस तास असते.

खरं नुकसान पुढं झालं. थिनरच्या फडक्यानं तो काळा रंग उतरवताना खालचा मूळ रंगही बराचसा निघून गेला. चाळीस वर्षं टिकलेला रंग आम्ही एका दुपारीत घालवला. म्हणून हा लेख.

आधी आजार ओळखा

आतली ट्रिम खराब होते ती तीन गोष्टींनी: ऊन, ओल आणि हात. तिन्हींचं औषध वेगळं. त्यामुळं सरसकट ‘सगळं रंगवून टाकू’ म्हणणं म्हणजे ताप, खोकला आणि पाय मुरगळणं यावर एकच गोळी देणं.

ऊन: अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात. वरचा थर खडूसारखा पांढरा पडतो, बोट फिरवलं तर भुकटी लागते. रेक्झिनचं थोडं वेगळं. रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. त्याला मऊ ठेवायला प्लास्टिसायझर नावाचं द्रव्य घातलेलं असतं. उन्हानं ते हळूहळू उडून जातं, रेक्झिन कडक होतं आणि तडकतं. उन्हात उभ्या गाडीच्या काचेवर आतून तेलकट थर येतो ना? त्यात हे उडालेलं द्रव्यही असतं. केमिस्ट्रीवाल्यांनी पुढच्या वेळी काच पुसताना आठवण ठेवावी.

ओल: आमच्या दारांच्या आतली पॅडं खालून फुगून पापडासारखी वाकली होती. जुन्या गाडीत डोअर पॅड म्हणजे हार्डबोर्डवर ताणून चिकटवलेलं रेक्झिन. आम्हाला वाटलं, नवीन हार्डबोर्ड कापला की झालं. पण पाणी आलं कुठून? गंमत अशी, की दाराच्या आत पाणी जातंच. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी आत उतरतं आणि दाराच्या तळाला ठेवलेल्या भोकांतून खाली गळून जातं. ती भोकं मातीनं बुजली की पाणी साठतं. पत्राही गंजतो आणि पॅडही फुगतं. शिवाय पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा कागद असायला हवा. आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत तो फाडून टाकलेला होता. भोकं मोकळी न करता, कागद न लावता नवीन पॅड बसवलं असतं, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पापड!

हात: स्टिअरिंगचा ठरावीक भाग गुळगुळीत होणं, सीटची चढण्याच्या बाजूची कड झिजणं, हँडलचं क्रोम उडणं. ही झीज सगळीच वाईट नसते. त्यावर शेवटी बोलू.

मूळ रंग कुठं लपलाय?

आबांना विचारलं, आतला रंग कुठला होता? ते म्हणाले, ‘‘पिस्त्याचा.’’ आम्ही एकमेकांकडं बघितलं. आम्हाला तर आयुष्यभर तो मळकट राखाडीच दिसलेला. आम्हाला वाटलं, वय झालंय, विसरत असतील.

मग काकांनी सांगितल्याप्रमाणं डॅशबोर्डमधल्या कप्प्याचं झाकण काढलं. बिजागरीच्या मागं, जिथं ऊन कधी पोहोचलंच नाही, तिथं बोटभर जागेत स्वच्छ पिस्ता रंग होता. आबा बरोबर होते.

तुम्हीही शेड ठरवताना समोर दिसणाऱ्या भागावर विश्वास ठेवू नका. क्रोमच्या पट्टीखाली, कप्प्याच्या आत, दिव्याच्या बटणामागं, सीटच्या बुडाशी बघा. तिथला तुकडा किंवा झाकणच रंगाच्या दुकानात घेऊन जा; ते त्यावरून शेड मिळवून देतात. मोबाइलमधल्या फोटोवरून शेड ठरवू नका. फोटो लाइटप्रमाणं बदलतो.

उघडताना घाई नको

सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डॅशबोर्डमागं जुन्या वायरी असतात, त्यांचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं. शॉर्टसर्किट झालं तर ट्रिमच काय, गाडीच जायची.

प्रत्येक गोष्ट काढण्याआधी फोटो घ्या. स्क्रू एका डब्यात टाकू नका. छोट्या पिशव्या घ्या आणि त्यावर लिहा: ‘उजवं पुढचं दार, हँडल’. आज तुम्हाला वाटेल लक्षात राहील. दोन महिन्यांनी शपथेवर सांगते, राहत नाही.

मारुती ८०० चं काच वर-खाली करायचं हँडल काढायची एक युक्ती आहे. त्यामागं तारेची छोटी क्लिप असते. हँडल आणि पॅड यांच्या फटीत जुनं कापड घालून बूट पुसल्यासारखं पुढं-मागं ओढा, क्लिप टुणकन सुटते. ती उडून कुठं जाते याकडं मात्र कुणालातरी लक्ष ठेवायला बसवा.

डोअर पॅड ओढून काढू नका. चपटी पट्टी कडेनं सरकवत एकेक क्लिप सोडवा. जुना हार्डबोर्ड कितीही सडलेला असला तरी फेकायचा नाही. तोच तुमचा साचा. नवीन बोर्डावर ठेवून आखून घ्या आणि नवीन बोर्ड चढवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना वॉर्निशचा हात मारा. पाणी आधी कडेतूनच शिरतं.

धुणं हेच अर्धं काम

रंगकाम म्हणजे रंग मारणं, असं आपल्याला वाटतं. काकांच्या हाताखाली उभं राहिल्यावर कळलं, की त्यांचा बहुतेक वेळ पुसण्यात आणि घासण्यात जातो.

आधी साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. वाळू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. एक फडकं ओलं, दुसरं कोरडं. फडकं मळलं की बदलायचं, नाहीतर तेच सिलिकॉन तुम्ही सगळीकडं पसरवता. पॉलिशचा इतिहास असलेल्या गाडीत हे दोन-तीन वेळा करावं लागतं. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकवर वापरायचा नाही. काही प्लास्टिकं त्यात विरघळतात. काहीही नवीन लावण्याआधी आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी बोटभर करून बघा.

आता एकेक पृष्ठभाग घेऊ.

पत्रा: टवक्यांच्या कडा पॉलिश पेपरनं उतरत्या करा. गंज असेल तर चकचकीत पत्रा लागेपर्यंत काढा. मग प्रायमर, लागेल तिथं पुट्टी, ४०० नंबरचा वॉटर पेपर, पुन्हा प्रायमर, ६०० नंबर आणि मग रंग. कॅन वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब धरायचा, हात सतत फिरता. एक जाड कोट देण्यापेक्षा तीन-चार पातळ कोट द्या, मधे दहा-पंधरा मिनिटांचा दम. पहिल्या कोटात खालचं दिसतच राहतं. घाबरू नका.

कडक प्लास्टिक: भागाच्या मागच्या बाजूला काही वेळा अक्षरं असतात: पीपी किंवा एबीएस. एबीएसवर रंग सहज धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हट्टी. त्याच्यावर आधी प्लास्टिक प्रायमर मारला नाही तर रंग नखानं सालपटासारखा निघतो. अक्षरं नसतील तर मागच्या बाजूचा कणभर तुकडा कापून पाण्यात टाका. साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. फिजिक्सचं प्रॅक्टिकल घरच्या घरी! आणि दाणेदार प्लास्टिकला पॉलिश पेपर लावू नका. दाणे एकदा गेले की परत येत नाहीत. घासायची नायलॉनची चौकट हलक्या हातानं फिरवली तरी पुरे.

रेक्झिन: साधा ऑइल पेंट कधीच नको. घडी पडते तिथं तो तडकतो. रेक्झिनसाठीचा लवचीक रंग मिळतो, तो पातळ हातांनी चढवायचा. चीर असेल तर आतून कापडाची पट्टी चिकटवून मग वरून भरायचं. नवं रेक्झिन चिकटवताना सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावा आणि बोटाला चिकटणार नाही इतकं सुकू द्या. मगच दाबा. ओलं असतानाच चिकटवलं की आत फुगे राहतात. आमच्या पहिल्या दारात राहिलेत, या आणि बघून जा.

चामडं: आपल्याकडं प्रत्येकाला वाटतं की चामड्याचं आपल्याला कळतं. नवी कोल्हापुरी तेल पाजून मऊ करणारी माणसं आपण. पण कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा अशा झाडांच्या रसात कमावलेलं आणि उघडं असतं, म्हणून ते तेल पितं. गाडीच्या सीटच्या चामड्यावर बहुतेक वेळा रंगाचा बंद थर असतो. त्याच्यावर तेल चोळलं तर ते वरच राहतं, धूळ धरतं आणि तुमच्या पँटला लागतं. रेक्झिनला तर तेल अजिबात नको.

लाकूड: फार जुन्या गाडीत असेल तर घरच्या घरी घासायला घेऊ नका. वरचा लाकडी पापुद्रा कागदाइतका पातळ असू शकतो. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फ्रेंच पॉलिश करणारे सुतार अजून आहेत, त्यांना दाखवा.

स्टिअरिंग: जुन्या कडक प्लास्टिकच्या स्टिअरिंगला भेगा पडतात. भेग नुसती वरून बुजवली तर पुन्हा उघडते. ती आधी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खोल कोरा, मग इपॉक्सी भरा. आपलं साधं एम-सीलही चालतं. एक दिवस वाळू द्या. मग घासा, प्रायमर द्या, रंग द्या.

क्रोम: हँडलं पत्र्याची किंवा पितळेची असतील तर बफिंग करून पुन्हा प्लेटिंग होतं. जस्ताची ओतीव असतील आणि खड्डे पडले असतील तर काम अवघड आणि महाग. प्लास्टिकवरचं ‘क्रोम’ तर नुसता मुलामा असतो. बफिंगला दिलंत तर हातात काळं प्लास्टिक परत येईल.

इथं हौस नको

काही जागी दिसण्यापेक्षा जीव महत्त्वाचा. एअरबॅग असलेल्या गाडीत तिचं झाकण रंगवायचं नाही, चिकटवायचं नाही, त्यावर कव्हर चढवायचं नाही. ते ठरलेल्या रेषेवर फाटायला हवं. सीटबेल्टच्या पट्ट्याला रंग किंवा ब्लीच लावू नका, धागा कमजोर होतो. स्टिअरिंग आणि पेडलला चकाकीचं पॉलिश नको, हात-पाय घसरतात. डॅशबोर्डचा वरचा भाग मॅटच ठेवा. चकचकीत केला की दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता दिसत नाही. आणि स्प्रेचं काम बंद खोलीत नाही. दार-खिडक्या उघड्या, तोंडाला वाफांसाठीचा मास्क, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नाही.

सगळं एकट्यानं कशाला?

तुम्ही कोल्हापुरात राहता, याचा फायदा घ्या. हे गाव मुळातच ‘मिळत नाही? मग बनवू’ म्हणणाऱ्यांचं. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता, तर बाबूराव पेंटरांनी इथंच कॅमेरा बनवला आणि त्यावर सिनेमे काढले. शिवाजी उद्यमनगरात लेथवर बसलेला माणूस तुमच्या तुटलेल्या नॉबकडं एकदा बघतो आणि विचारतो, ‘‘किती पायजेत?’’ पद्मिनीचा पार्ट बाजारात नाही म्हणून रडण्याआधी तिथं एक चक्कर मारा.

सीटचं काम आम्ही कुशनवाल्यांना दिलं. स्प्रिंग, त्यावर काथ्या, त्यावर कापड, मग रेक्झिन. असा सगळा थर त्यांनी आमच्यासमोर उघडला. आतला काथ्या कुजलेला होता, स्प्रिंगा ठणठणीत. आम्ही म्हणालो, सगळं काढून फोम टाका. ते म्हणाले, ‘‘स्प्रिंगा राहू द्या, अशी बैठक फोमला येत न्हाई.’’ त्यांनी जुनी शिवण उसवून त्याच तुकड्यांवरून नवं रेक्झिन कापलं, पायपिंग जिथल्या तिथं दिली. तासभर तिथं बसून आम्ही जे शिकलो, ते दहा व्हिडिओंत सापडलं नव्हतं. काम बाहेर द्यायला कमीपणा मानू नका. फक्त देऊन निघून जाऊ नका. उभं राहा, बघा, विचारा. आणि चहा तुम्ही पाजा.

कागदपत्रांचं काय?

आत कितीही सुंदर केलंत तरी गाडी रस्त्यावर आणायची तर कागद हवेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. शुल्क आणि कर बदलत असतात, आरटीओत आधी चौकशी करा आणि मगच खर्चाला हात घाला.

पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राच्या नियमांत वेगळी सोय झाली. ती ‘विंटेज’ मानली जाते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार आणि पुनर्नोंदणीचं ५ हजार ठरवलं गेलं. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. शिवाय ती रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच. आमच्या पद्मिनीला पन्नाशी गाठायला २०३४ उजाडेल. तोवर आम्ही आत निळे एलईडी लावणार नाही, एवढं ठरलंय.

काय ठेवायचं?

आता हाताच्या झिजेकडं परत येऊ. जगातल्या नामांकित जुन्या गाड्यांच्या स्पर्धांत, अमेरिकेतल्या पेबल बीचसारख्या ठिकाणीही, अजिबात न रंगवलेल्या, आहे तशा जपलेल्या गाड्यांसाठी आता वेगळा गट असतो. कारण सरळ आहे. रंग पुन्हा पुन्हा देता येतो; कारखान्यातून आलेला पहिला रंग एकदाच मिळतो. एकदा घासला की गेला. हे आम्ही जुलैत शिकलो.

म्हणून घासण्याआधी एक यादी करा. जे सडतंय, गंजतंय, फाटत चाललंय किंवा धोकादायक आहे, ते दुरुस्त करा. जे फक्त जुनं दिसतंय, ते स्वच्छ करा आणि महिनाभर तसंच राहू द्या. महिन्यानंतरही खुपलं तर मग बघू. आमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी नुसत्या साबणाच्या पाण्यानंच कटाप झाल्या.

यादीत एक वस्तू होती स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याचा नॉब. एका बाजूनं अगदी चपटा, गुळगुळीत झालेला. उद्यमनगरात नवा करून मिळत होता. भाऊ म्हणाला, करूया. मी म्हणाले, जरा थांबू.

पाऊस संपला, ऑक्टोबरची कोरडी हवा आली, तेव्हा आम्ही पिस्ता रंगाचे चार पातळ कोट दिले. एकही खळगा नाही. रंग पूर्ण कडक व्हायला आठवडाभर हात लावला नाही. पॅडं बसवली, खालून भोकांत तार घालून पुन्हा एकदा खात्री केली. दिवाळीच्या दोन दिवस आधी आबांना हाताला धरून शेडमध्ये नेलं.

आता ते गाडी चालवत नाहीत, तरी सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूलाच बसले. डॅशबोर्डवरून बोट फिरवलं. ‘‘पिस्ताच की!’’ म्हणाले. दाराकडं, सीटकडं बघितलं. पहिल्या दारातले फुगे त्यांना दिसले, पण काही बोलले नाहीत. मग हात गिअरच्या दांड्यावर गेला आणि तळवा त्या चपट्या बाजूवर नेमका बसला. ‘‘हे ऱ्हाऊ दिलंस,’’ एवढंच म्हणाले. बाबा मागं उभे होते. भंगारवाल्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पाडव्याला आम्ही पाचजण जोतिबाला जाऊन आलो. घाटात गाडी जरा तापली, पण ते मिस्त्रींचं खातं.

तुमच्या शेडमध्येही अशी एखादी असेल, तर आज संध्याकाळी तिची ताडपत्री काढा. स्प्रे, पॉलिश, पेपर काही नेऊ नका. फक्त टॉर्च न्या आणि कप्प्याच्या झाकणामागं बघा. मूळ रंग सापडला की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बोलावून दाखवा. पुढचं काम त्यानंतर ठरवा.